विश्लेषण : हळदीच्या कॅप्सूलने आतडे खरेच सुधारते का?

वाशिम जिल्ह्यातील रिसोड, मालेगाव भागात हळद पिकते. शेजारच्या हिंगोलीची बाजारपेठ तर हळदीसाठीच ओळखली जाते. याच हळदीतील कर्क्युमिनच्या कॅप्सूल 'गळके आतडे' दुरुस्त करण्याच्या दाव्यासह विकल्या जात आहेत. या दाव्यात तथ्य किती?

आतड्याची भिंत कशी असते?

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. प्रथिनांच्या घट्ट जोडांनी त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. हा थर अन्नरस आत घेतो आणि जिवाणूंना रोखतो. मद्य आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराने हे जोड सैल होऊ शकतात. मात्र 'गळके आतडे' हे वैद्यकशास्त्रात मान्य असलेले स्वतंत्र निदान नाही.

संशोधन काय सांगते?

पेशी आणि उंदरांवरील प्रयोगांत कर्क्युमिनने दाह कमी होऊन हे जोड टिकल्याचे दिसले. माणसांवरील पुरावा मर्यादित आहे. जपानमधील २००६ च्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ रुग्णांचा समावेश होता. नेहमीच्या औषधासोबत सहा महिने रोज २ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. औषध बंद करून नव्हे, औषधासोबत, हे महत्त्वाचे.

मग रोजची हळद पुरेशी नाही का?

हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. म्हणजे २ ग्रॅमसाठी रोज सुमारे ६५ ग्रॅम हळद खावी लागेल. भाजीतली चिमूटभर हळद निर्धोक आहे, पण ते औषध नव्हे.

कॅप्सूलचा धोका काय?

कर्क्युमिन शरीरात फारच कमी शोषले जाते. म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिरीतील पायपरिन मिसळतात. त्याने शोषण वाढते, तसा यकृतावरील भारही वाढू शकतो. अशा पूरकांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत.

काय करावे?

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाज्यांतील तंतूंपासून आतड्यातील जिवाणू ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे तेच मुख्य इंधन. ते ताटातच मिळते, त्यासाठी वेगळा खर्च नाही. शौचातून रक्त, सततचे जुलाब किंवा घटते वजन ही लक्षणे असतील, तर कॅप्सूलवर महिने घालवू नयेत. थेट डॉक्टरांकडे जावे. हळदीचा मान मोठा आहे, पण ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.