डोळ्यातला बुडबुडा आणि रुग्णाला हवे असलेले ‘का’

दृष्टिपटल सुटले की शल्यचिकित्सक अनेकदा डोळ्यातील जेलीसारखा काचाभ द्रव काढून तेथे वायू भरतात. सल्फर हेक्झाफ्लुओराइडचा बुडबुडा सुमारे दोन आठवडे टिकतो, परफ्लुओरोप्रोपेनचा सहा ते आठ आठवडे. तो पटलावरील छिद्र आतून झाकून ठेवतो आणि तोवर लेसरने केलेला सांधा पक्का होतो. बेंगळुरूमध्ये राजाजीनगरच्या नारायण नेत्रालयासारख्या रुग्णालयांत दूरदूरचे, अनेक भाषा बोलणारे रुग्ण डोळे दाखवायला येतात. अशा प्रत्येक रुग्णाला त्याच्याच भाषेत, या काळात काय दिसेल आणि ते तसे का दिसेल, हे समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

आरंभी डोळा वायूने भरलेला असतो. काचाभ द्रवाचा अपवर्तनांक सुमारे १.३४, वायूचा जवळजवळ १. त्यामुळे नैसर्गिक नेत्रभिंग शाबूत असेल, तर त्यातून वायूत शिरणारे किरण प्रमाणाबाहेर वळतात आणि तीव्र निकटदृष्टिता येते. अगदी डोळ्याजवळ धरलेली वस्तू तेवढी दिसते, पलीकडे सारे धूसर. शस्त्रक्रिया फसली, असे रुग्णाला वाटते ते येथेच.

पुढे बुडबुडा आकसतो, खाली द्रव साचतो आणि दृष्टीसमोर एक हलती आडवी रेषा येते. बुडबुडा हलका, म्हणून डोळ्यात वर तरंगतो. पण पटलावरील प्रतिमा उलटी असल्याने रुग्णाला तो खाली दिसतो. दिवसागणिक रेषा खाली सरकते आणि वरून जग उजळत येते. मान हलवली की ही रेषा डुचमळते. एका बाजूने न हलणारी काळी सावली पसरू लागली, तर मात्र पटल पुन्हा सुटत असल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हा भेद ठाऊक असणे म्हणजे डोळा वाचणे.

दुसरा धोका उंचीचा. बेंगळुरू सुमारे ९०० मीटरवर, ऊटी सुमारे २,२०० मीटरवर. बॉइलच्या नियमानुसार बाहेरचा दाब घटला की वायू प्रसरण पावू पाहतो. डोळ्याचे कवच फारसे ताणत नाही, म्हणून आतला दाब चढतो, पटलाचा रक्तपुरवठा खुंटू शकतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. विमानाच्या केबिनमधील दाबही अशाच उंचीइतका असतो. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइडही बुडबुड्यात शिरून तोच अनर्थ घडवतो.

‘प्रवास टाळा’ एवढी सूचना पुरेशी नाही. ‘विमान नको’ हे पाळणारा माणूस घाटातल्या बसमध्ये निःशंकपणे बसेल, कारण नियमामागचे कारण त्याला ठाऊक नसते. बेळगावहून आलेल्या रुग्णाच्या हाती मराठीत, चार ओळींत, हे कारण पडले पाहिजे. मनगटावर वायूची नोंद असलेली पट्टीही हवी.

अपवर्तन, उलटी प्रतिमा, बॉइलचा नियम: विद्यार्थिमित्रांनो, हे सारे तुमच्या पाठ्यपुस्तकांतलेच आहे. घरात असा रुग्ण असेल, तर समजावण्याचे काम तुम्हीही करू शकता.