ठिपक्यांची किंमत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'हौसेला मोल नसते' असे आपण सहज म्हणून जातो. लग्नाचा मांडव असो की दारातली नवी मोटार असो, ही म्हण एकदा पुढे केली की समोरच्याचे तोंड बंद होते. परंतु थोडा विचार केला तर असे दिसते की, हौसेला मोल असतेच. पुष्कळदा ते हौस करणाऱ्याच्या खिशातून जात नाही, दुसऱ्याच कोणाला तरी चुकवावे लागते. अलीकडे आपल्या शहरात रुजू लागलेली एक हौस या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे रानमांजराच्या संकरातून निर्माण केलेली विदेशी मांजरे पाळण्याची.

आमच्या विश्रांतवाडीत आजवर मांजर हा प्राणी कोणी विकत घेत नसे. किराणा दुकानात धान्याच्या पोत्यांवर एखादे मांजर झोपलेले असे. उंदीर मारणे हे त्याचे काम आणि बशीभर दूध हा त्याचा पगार. मांजराची पिल्ले हजारो रुपयांना विकली जातात हे मी घरी सांगितले, तेव्हा आमची आजी म्हणाली, "मांजर कुठं विकत घेतात का? ते आपणहून येतं." आज त्याच विश्रांतवाडीत आमच्या वयाची मुले मोबाईलवर बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या मांजरांच्या चित्रफिती पाहतात आणि 'बंगाल जातीचे पिल्लू' केवढ्याला मिळते याची चौकशी करतात. चौकशी करण्यात गैर काही नाही. मात्र ती पुरती केली पाहिजे.

हे बंगाल मांजर बंगालमधून आलेले नाही. आशिया खंडात आढळणाऱ्या बिबटमांजराच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' हा शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी १९६३ मध्ये बिबटमांजराची मादी आणि घरचा बोका यांचा संकर घडवला. पुढे १९८० च्या सुमारास त्यांनी हे काम नव्याने हाती घेतले आणि त्यातून ही जात तयार झाली. यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९८२ मध्ये त्या भारतात आल्या असता दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारे एक भटके मांजर त्यांच्या नजरेस पडले. त्याच्या अंगावर सोनेरी झळाळी आणि ठळक ठिपके होते. ते मांजर त्यांनी अमेरिकेला नेले. बंगाल मांजराच्या ज्या चकाकीसाठी आज लोक पैसे मोजतात, तिचा काही वाटा या दिल्लीच्या बेवारशी मांजराचा आहे. आपल्या गल्लीतले मांजर परदेशी जाऊन आले की त्याची किंमत कशी वाढते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही!

दुसरी प्रसिद्ध जात 'सव्हाना'. आफ्रिकेतील सर्व्हल हे उंच पायांचे रानमांजर आणि घरचे मांजर यांच्या संकरातून तिचे पहिले पिल्लू १९८६ मध्ये अमेरिकेत जन्मले. सर्व्हलचे वजन पंधरा किलोच्याही पुढे जाते, तर घरचे मांजर चार-पाच किलोचे. सर्व्हलचा गर्भकाळ सुमारे ७४ दिवस, तर घरच्या मांजराचा ६५ दिवसांच्या आसपास. एवढ्या अंतरामुळे हा संकर जुळणेच अवघड असते, आणि जुळला तरी पिल्ले पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची जन्मतात. पहिल्या काही पिढ्यांतले नर तर वांझच निपजतात. म्हणून अमेरिकेत पहिल्या पिढीच्या सव्हानाची किंमत वीस हजार डॉलरपर्यंत, म्हणजे सोळा लाख रुपयांच्याही वर जाते. ज्या माद्यांकडून हे घडवून घेतले जाते, त्यांनी काय सोसले याची नोंद मात्र त्या किमतीच्या पावतीवर नसते.

येथे या व्यापारातली मूळ विसंगती ध्यानात घ्यावी. संकरित मांजराची ओळख पिढीवरून होते. पहिल्या पिढीत रानाचा अंश निम्मा असतो. पुढे दर पिढीला घरच्या मांजराशी संकर करीत हा अंश कमी करत नेतात, आणि चार-पाच पिढ्यांनंतर जनावर घरात राहण्याजोगे होते. म्हणजे घेणाऱ्यापुढे मार्ग दोनच. रानटीपणा हवा असेल तर तो घरात मावत नाही. रानातले बिबटमांजर काही चौरस किलोमीटरच्या टापूत रात्रभर हिंडते. त्याच्या रक्ताच्या जनावराला आपण दोन खोल्या आणि जाळी लावलेली गॅलरी देणार! मग ते पडदे फाडते, आपली हद्द आखण्यासाठी भिंतींवर आणि गादीवर मूत्र फवारते, आणि त्याबद्दल मार खाते. रानटीपणा नको असेल तर पाचव्या-सहाव्या पिढीचे पिल्लू घ्यावे. पण मग हाती येते ते बव्हंशी घरचेच मांजर. जादा पैसे मोजले ते केवळ ठिपक्यांचे!

खर्चाचा हिशेब पिल्लाच्या किमतीपाशी संपत नाही. मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. तेवढी वर्षे मांसाहार, लसी, नसबंदी, डॉक्टर आणि हिंडायला पुरेशी जागा या साऱ्याची तरतूद हवी. रेबीजची गोष्ट त्याहून गंभीर आहे. अमेरिकेसारख्या देशातही रानटी प्राणी आणि त्यांचे संकर यांच्यासाठी रेबीजची टोचण्याची लस अधिकृतरीत्या मंजूर झालेली नाही. घरच्या मांजराची लस त्यांना देतात, पण तिच्या परिणामाची हमी नाही. असे मांजर शेजारच्या मुलाला चावले तर काय, याचे उत्तर विकणारा देत नाही.

परदेशांत याचा विचार झालेला आहे. आपल्या रानातील लहान प्राण्यांचा फडशा पडेल या भीतीने ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये सव्हाना मांजरांच्या आयातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये अशा संकराच्या पहिल्या पिढीचे जनावर ठेवण्यास १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली परवाना लागतो. भारतात बिबटमांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे किंवा बाळगणे यांस कमीत कमी तीन वर्षे कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. वन्य जिवांच्या व्यापारासंबंधीच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. मागील चार पिढ्यांत रानटी पूर्वज असलेला संकर हा वन्य प्राण्याप्रमाणेच मानावा, असे त्या कराराचे सूत्र आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हा करार आपल्या कायद्यात आणला, आणि २०२४ च्या नियमांनी अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली. पण विकत घेताना 'ही कितवी पिढी? कागद कोठे आहेत?' असे किती जण विचारतात? मांजर डोळे मिटून दूध पिते असे म्हणतात. येथे मांजराचा मालकच डोळे मिटून घेतो.

आणि ज्या रूपासाठी हा सारा खटाटोप, ते रूप आपल्याजवळ नाही काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली ही गत आहे. बिबटमांजर आपल्या सह्याद्रीत आहे. त्याला, आणि त्याहून लहान असलेल्या ठिपकेदार रानमांजरालाही, आपल्याकडे वाघाटी म्हणतात. हे लहान रानमांजर जगातल्या सर्वांत छोट्या मार्जारांपैकी एक; वजन जेमतेम दीड किलो. विश्रांतवाडीपासून शंभर किलोमीटरच्या आत, जुन्नरकडच्या उसात ऊसतोडीच्या वेळी वाघाटीची पिल्ले सापडतात. तेव्हा शेतकरी वनखात्याला कळवतात. पिल्ले तपासून, त्याच जागी संध्याकाळी खोक्यात ठेवली जातात, आणि रात्री त्यांची आई येऊन त्यांना एकेक करून उचलून नेते. तोड थांबवून वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा वेळ जातो, मजुरी बुडते. तरी तो ती पिल्ले घरी नेत नाही, विकतही नाही. माझ्या मते ठिपक्यांची हौस याला म्हणावे.

काही जण म्हणतील, 'पैसा ज्याचा त्याचा, आवड ज्याची त्याची. तुम्हाला काय त्याचे?' जो माणूस कागदपत्रे पाहून पाचव्या पिढीचे मांजर घेतो आणि ते मरेपर्यंत सांभाळतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. परंतु प्रत्येक मागणी पुन्हा एका पहिल्या पिढीची मागणी निर्माण करते, आणि ठिपके दाखवून पैसे मिळतात हे एकदा कळले की उसातले पिल्लूही कोणाला तरी 'बंगाल' म्हणून विकता येईल असे वाटू लागेल. त्यावेळी नुकसान होईल ते सर्वांच्या मालकीच्या रानाचे.

पुणे महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे मांजरांसाठीही परवान्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला. त्या अर्जात मांजराची जात, पिढी आणि खरेदीची पावती यांचा एक रकाना असावा, एवढी साधी मागणी आपण विद्यार्थ्यांनी करावयास हरकत नाही. आणि ज्यांना मांजराचा खरोखर लळा आहे, त्यांनी पावसाळ्यात आपल्या इमारतीच्या जिन्याखाली एकदा पाहावे. तेथे दोन-तीन पिल्ले हमखास असतात. त्यांना लस टोचून घ्यावी, वेळेवर नसबंदी करावी आणि घरात जागा द्यावी. त्यासाठी लाखाची गरज पडत नाही.