अलीकडे आणि पलीकडे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. तो वाटेत अडकून पडला, की घड्याळाकडे पाहण्याऐवजी शब्दांकडे पाहू लागतो. मुंबईच्या उपनगरात राहून रोज महाविद्यालयात जाणे-येणे करणाऱ्या माझ्यासारख्याला ही संधी दिवसातून दोनदा मिळते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत माझे वाचन मागे पडले असले, तरी शब्दचिंतन भलतेच पुढे गेले आहे.

'रहदारी' हा शब्दच घ्या. आज आपण तो वाहनांच्या वर्दळीसाठी वापरतो. पण जुन्या दप्तरांत रहदारी म्हणजे वाटेवर घेतली जाणारी जकात किंवा वाटेने जाण्याचा परवाना. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा मी उत्साहाने घरात म्हणालो, "चला, रहदारी गेली!"

"कुठे गेली?" सौभाग्यवती म्हणाल्या. "खिडकीतून जरा खाली पाहा."

जुना अर्थ गेला होता, नवा तसाच उभा होता, आणि भोंगे वाजवत होता. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, हे चाणाक्ष वाचकांच्या स्मरणात असेलच.

'पूल' आणि 'सेतू' यांचेही असेच. कोशात हे समानार्थी शब्द आहेत, मुंबईत नाहीत. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला, ज्याच्या कठड्याला टेकून लिंबे विकतात तो पूल. समुद्रावरून जाणारा, ज्याच्या उद्घाटनाला दिल्लीहून पाहुणे येतात तो सेतू. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू २००९ साली झाला. शिवडीहून खाडी ओलांडून पलीकडे उरणच्या बाजूला नेणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. दोन्ही पाहावेत असेच आहेत; ते बांधणाऱ्यांच्या बुद्धीला आणि हातांना माझा मनःपूर्वक नमस्कार. परंतु या दोन्ही सेतूंवर दुचाकीला मज्जाव आहे आणि पायी चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. सेतूवरून पायी जाण्याचा मान आजवर एका वानरसेनेलाच मिळाला, असे म्हणावे लागते.

आता एका साध्या पुलाची कथा सांगतो. अंधेरीचा गोखले पूल १९७५ च्या सुमाराचा. ३ जुलै २०१८ रोजी भर पावसात त्याच्या पदपथाचा भाग खाली रुळांवर कोसळला. माणसे जखमी झाली, बळीही गेले. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तो धोकादायक म्हणून वाहतुकीला बंद केला. बंद केल्यावर मग चर्चा सुरू झाली, की पाडायचा कोणी? रुळांवरचा मधला भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे उतार महापालिकेचे. एकत्र कुटुंबात दुखणाईत सासऱ्याला कोणाकडे ठेवायचे यावर जशी भावाभावांत पत्रापत्री चालते, तशी ती चालली. अखेर पूल पडला, नवा उभा राहू लागला, आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू सुरू झाली. पाहतात तो काय, शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल सुमारे दीड मीटर खाली! रेल्वेच्या नव्या नियमामुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली होती, आणि शेजाऱ्याची उंची तीच राहिली होती. मग तो खालचा पूल जॅक लावून वर उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोघांची गाठ पडली. दुसरी बाजू खुली व्हायला मे २०२५ उजाडला. म्हणजे एकूण अडीच वर्षे. ज्या नामदार गोखल्यांचे नाव त्या पुलाला आहे, त्यांनी उमेदीच्या काळात शाळेत गणित शिकवले होते आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही तयार केले होते, ही गोष्ट त्या दीड मीटरच्या वेळी आठवल्यावाचून राहिली नाही.

लोक हसले, चित्रे काढली, विनोद केले. मलाही हसू आले. पण ते फार टिकले नाही. माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. घर पूर्वेला, आईचे डायालिसिस आठवड्यातून तीनदा, पश्चिमेच्या रुग्णालयात. आईला स्टेशनचे जिने चढवत नसत, म्हणून रिक्षा. पूल होता तेव्हा आईला सोडून ती पहिल्या तासाला हजर असे, क्वचित दहा मिनिटे उशिरा. पूल बंद झाला आणि तीच रिक्षा वळसा घालून, कोंडीत थांबत थांबत जाऊ लागली. भाडे वाढले, वेळ त्याहून वाढला. वर्षअखेर हजेरी कमी भरली. गैरहजेरीचे कारण लिहायच्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता: 'पूल'.

कार्यालयाने विचारले, याचा दाखला कुठे आहे? आजाराचा दाखला डॉक्टर देतो. पुलाचा कोणी द्यायचा? मी दोनदा प्राचार्यांकडे गेलो, आईच्या उपचारांचे कागद जोडले, आणि तिला परीक्षेला बसू दिले गेले. पण पुढच्या वर्षी तिने नाव काढून घेतले आणि घरी बसून परीक्षा देणे पत्करले. पुलावरून रोज किती वाहने जात होती याची मोजदाद कोणाकडे तरी असेल. हे वजा झालेले बाक त्यात कुठे दिसणार?

आमच्या इमारतीत या विषयावर दर रविवारी सकाळी खाली परिसंवाद भरतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर पुलांच्या बाजूचे. "सर, रस्ते वाढवल्याशिवाय शहर जगायचे नाही. १९९५ नंतर ते पंचावन्न उड्डाणपूल योजले नसते, तर तुम्ही अजून सायनला उभे असता!" तळमजल्यावरचे काका सारी नोकरी रेल्वेत काढलेले. ते म्हणतात, "आणि आता कुठे उभे असतात? सायनलाच ना? फक्त दहा मीटर वर!"

ही थट्टा झाली, पण तिच्यात तथ्य आहे. डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली असे दाखवले, की रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा रस्ता वाढवल्याने कधीकधी सर्वांचाच प्रवास लांबतो. शिवाय रस्ता मोकळा दिसला की नव्या मोटारी निघतात आणि थोड्याच वर्षांत तो भरतो. हा सिद्धांत मी घरी समजावून सांगत होतो, तेव्हा चकल्या भरता भरता सौभाग्यवती म्हणाल्या, "यात गणित कसले? गेल्या दिवाळीला मोठा डबा आणला, तर तो लहान डब्याइतक्याच दिवसांत संपला."

"मग गोखले पूलही बांधायला नको होता का?" इंजिनियरसाहेबांनी मला पेचात धरले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. रुळांवरच्या पुलाला दुसरा पर्याय नसतो. त्यावरून बस जाते, रुग्णवाहिका जाते, हातगाडी जाते, शाळेतली पोरे जातात. तो गावाचे दोन तुकडे जोडतो. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला किनारी रस्ता मात्र मुख्यतः त्याचा वेळ वाचवतो, जो आधीच मोटारीत बसला आहे. त्याच्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्याच शहरात बेस्टच्या बसगाड्या एके काळच्या चार हजारांहून २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले. लोकलने रोज सत्तर लाखांच्या घरात माणसे जातात. पण त्यांच्यासाठी कोणी सेतू हा शब्द वापरत नाही.

त्यांच्यासाठी काय होते, ते २९ सप्टेंबर २०१७ ला दिसले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावसात, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. नंतर लष्कराला बोलावले, आणि पाच महिन्यांच्या आत, २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, तिथे नवा पादचारी पूल उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर होते! मग आधी मनात का आले नाही, याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात मला सापडले नाही.

पक्षांची भांडणे असतात ती फितीवरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये, पाच वर्षे रखडलेल्या डिलाईल रोडच्या पुलाची एक बाजू विरोधकांनी परस्पर खुली केली, तर त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. पूल पाच वर्षे बंद राहिला त्याबद्दल गुन्हा नाही, उघडला त्याबद्दल! शीवचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. प्रभादेवीचा शंभरी ओलांडलेला रस्तापूल १२ सप्टेंबर २०२५ ला पाडण्यासाठी बंद केला, कारण तिथे दुमजली पूल होऊन अटल सेतूकडे वाट जायची होती. लगतच्या इमारतींतले रहिवासी म्हणत होते, आधी आमच्या घरांचे सांगा. परळची मोठी रुग्णालये एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूचे रुग्ण पायी निघालेले, असे दृश्य त्यातून उभे राहिले. जुना पूल पाडायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण पाडण्यापूर्वी पलीकडे जाणाऱ्याची सोय लावणे हेही पूल बांधण्याच्या कामातच मोडते, असे माझे नम्र मत आहे.

म्हणून वाचकहो, यापुढे कोणी मते मागायला दारी आला, आणि दिवाळीच्या दिवसांत आला तर लाडूही पुढे ठेवा, तर त्याला तीन गोष्टी विचारा. तुमच्या नव्या रस्त्यावरून तासाला मोटारी किती जातील ते राहू द्या, माणसे किती जातील? जुना पूल बंद करण्याआधी नव्याची तारीख आणि जबाबदार खाते ठरले आहे का? आणि मधल्या काळात, जिने न चढवणारी एखादी बाई रुग्णालयात कशी पोहोचेल?

आमच्या काकांनी मागच्या खेपेला एका उमेदवाराला हे विचारले होते. तो म्हणाला, "काका, पूल होईल, काळजी करू नका." काका म्हणाले, "कधी?" त्यावर उमेदवाराने घड्याळ पाहिले आणि निघावे म्हटले, पलीकडे त्याची सभा होती, आणि रस्त्यात कोंडी असणार होती.