मागचा अंधार

आमच्या २० वर्षांच्या जीपगाडीचे रिव्हर्सचे दिवे नावालाच होते. गेल्या पावसाळ्यात रात्री गाडी मागे घेत असता शेजारचे लेकरू चाकापासून हातभर अंतरावर उभे होते; त्याच्या आजीने हाक मारली म्हणूनच निभावले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ५५ वॅटचे दोन जादा दिवे आणून, उत्साहाच्या भरात, मूळच्या दिव्याच्या तारेलाच जोडले. तेथेच चुकले. १२ व्होल्टवर असे दोन दिवे ९ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. गिअरबॉक्सवरील स्विचवर मूळचा भार २१ वॅटच्या दोन दिव्यांचा, म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअरचा. आठवड्यात तो जळाला.

आता बॅटरीपासून जाड तार, बॅटरीच्या अगदी निकट १५ अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले अशी योजना आहे. स्विचकडे केवळ रिले चालविण्याचे काम उरले. ट्रेलरची तार निराळी, फ्यूजही निराळा. शिवाय इंजिन बंद होताच ती तुटावी म्हणून आणखी एक रिले, नाहीतर ट्रेलरमधला दिवा रातोरात गाडीची बॅटरी पिऊन टाकतो. अर्थिंगची तारही स्वतंत्र ओढावी. जोडाच्या गंजक्या लोखंडावर भिस्त ठेवली, तर खड्ड्याखड्ड्याला दिवे मिचकावतात.

आजीबाई अजूनही गाडी मागे येताना अंगणात उभ्या राहतात. आम्हीही त्यांना आत जा म्हणत नाही.