स्पर्धेची तारीख नाही, मग मॅक्स कशाला मारायलाव?



आज पिकाची नोंद नाही. आज पोरांशी भांडायचंय, आणि थोडं पोरांच्या बापांशीही.

इकडं परळी, तिकडं तेलगाव-माजलगाव, सगळीकडं जिम झाल्यात. चांगलंच झालं. पोरगं टपरीवर बसण्यापरीस लोखंडाखाली घाम गाळत असेल तर कुणाचं काय जातंय? माझी तक्रार जिमबद्दल नाहीच. तक्रार ही आहे की तिथं जाणारा प्रत्येक गडी उद्याच स्पर्धेला उतरायचंय असं वजन उचलायलाय, आणि स्पर्धा तर कुठंच नाही.

पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा कशी असते ते आधी बघा. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट असे तीन प्रकार. प्रत्येकात तीन संधी. तिन्ही प्रकारांतल्या सगळ्यात भारी उचलीची बेरीज, आणि तीही ज्याच्या-त्याच्या वजनगटात. म्हणजे आख्ख्या दिवसात नऊ उचली. त्या नऊसाठी तो गडी महिनोन्‌महिने तयारी करतो, शेवटी शेवटी काम कमी करून अंग ताजं ठेवतो. सरावात बहुतेक दिवस तो आपल्या ताकदीच्या बराच खाली खेळत असतो. एकदाच कसंबसं वर येतं ते वजन, म्हणजे तुम्ही ज्याला मॅक्स म्हणता ते, तो वर्षातून मोजक्या वेळा काढतो. आपल्याकडं दर सोमवारी निघतं! कारण काय, तर मित्र मोबाईल धरून उभा असतो.

म्हणजे स्पर्धकाचा घास घ्यायचा, पण त्याचं पथ्य घ्यायचं नाही.

आपल्या बीड जिल्ह्यानं खरे स्पर्धक दिलेत. पाटोद्याचा राहुल आवारे बघा. 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सोनं, 2019 ला जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य. गट बघितला का? आपल्या जिममधली निम्मी पोरं त्याच्याहून जड असतील. आष्टीकडचा अविनाश साबळे तर धावणारा गडी, 2023 ला आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सोनं घेऊन आला. ह्या लोकांचं खाणं, झोपणं, उठणं सगळं एका तारखेला बांधलेलं असतं. शेजारी वस्ताद, डॉक्टर, मालिशवाला असतो. तुम्हाला पहाटे धारा काढायच्यात, दिवसभर कापूस वेचायचाय, रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला विहिरीवर जायचंय. चार तासाच्या झोपेवर मॅक्स मारायला निघालाव.

जुन्या तालमीत हे कळत होतं. यात्रेच्या जंगी कुस्तीसाठी तयार होणारा पैलवान वेगळा आणि नुसतं अंग राखायला जोर-बैठका मारायला येणारा वेगळा. वस्ताद दोघांना एकच माप लावत नव्हता. दुसऱ्याला कुणी हलकं लेखत नव्हतं, आणि तोच बऱ्याचदा साठी ओलांडूनही ताठ चालायचा.

आता ह्यात पणाला काय लागलंय ते बघा. शहरातल्या पोराची कंबर धरली तर तो आठ दिवस रजा टाकील. आपलं तसं नाही. मृग निघाला, वापसा आला आणि ऐन पेरणीत मणक्यातली गादी सरकली, तर एमआरआयला अंबाजोगाई-लातूरच्या चकरा, घरात एक माणूस कमी, वरून दुप्पट मजुरी. ऊसतोडीच्या कुटुंबात तर कोयताच मोडतो, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. दसरा-दिवाळीला निघायचं, पार मार्च-एप्रिलपर्यंत मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. त्या कंबरेवर घर चालतं. ती रीलसाठी पणाला लावायची वस्तू आहे का?

आता बाप लोक. तुमचं ठरलेलं वाक्य आहे, शेतातलं कामच व्यायाम, जिमची थेरं कशाला. हेही खरं नाही. शेतकाम म्हणजे कष्ट, आणि कष्टानं माणूस थकतो. पण कष्टाला माप नसतं आणि दोन्ही बाजू सारख्या नसतात. कोयता एकाच हातात. फवारणीचा 16 लिटरचा पंप भरला की पंपाच्या वजनासकट सगळा भार खांद्याला लटकलेला, आणि दांडा एकाच हातानं हलवायचा. खुरपणीला दिवसभर वाकलेलं. जिथं झीज आहे तिथंच रोज भार पडतो आणि बाकीचं अंग तसंच राहतं. व्यायामात भार आपल्या हातात असतो. आज वीस, पुढच्या आठवड्यात एकवीस, मधे विश्रांती. ताकद त्या विश्रांतीत वाढते. वय चाळिशीकडं झुकलं की स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, मग तो शेतकरी असो का मास्तर. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करा म्हणते, आणि त्यात शेतकरी वगळा असं कुठं लिहिलेलं नाही.

मग करायचं कसं? आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस. एक बसून उठायचा प्रकार, एक जमिनीवरून उचलायचा, एक ढकलायचा, एक ओढायचा. डेडलिफ्ट डेडलिफ्ट म्हणून जे चालतं ते दुसरं काय आहे? युरियाची 45 किलोची गोणी जमिनीवरून उचलणं. वजन अंगाला चिकटून, पाठ सरळ, जोर पायात आणि ढुंगणात. एवढं नीट बसलं की गोणी उचलतानाही तेच अंगात येतं. प्रत्येक प्रकाराचे तीन फेरे, फेऱ्यात पाच ते आठ वेळा, आणि अजून दोनदा वर गेलं असतं असं वाटतंय तिथंच थांबायचं. हे थांबणंच पोरांना जमत नाही. त्यांना वाटतं हात थरथरला नाही म्हणजे फुकट गेलं. अहो, ते दोन उरलेले म्हणजे तुमची कंबर आहे.

काढणीच्या दिवसात आठवड्यातून एकदाच करा. कमावलेली ताकद तेवढ्यावर बऱ्यापैकी टिकते, काही वाहून जात नाही. जिमची फी परवडत नसेल तर खताच्या रिकाम्या गोणीत 20 किलो वाळू भरा, तोंड घट्ट बांधा, दर आठवड्याला एक-दोन तांबे वाळू वाढवा. ज्यांना हर्निया आहे, बीपी आहे, आधीच पाठ धरलेली आहे, त्यांनी आधी डॉक्टरला विचारा.

बायांचं तर कुणी नावच काढत नाही. 2019 ला आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. मापात वजन उचलल्यानं हाडाला धार राहते. तिला खरी गरज आणि जिमला जातो कोण, तर दंड फुगवायला तिचा पोरगा.

पावडरचा हिशोब तर आपणच करावा असा आहे. चांगल्या कंपनीचा दोन किलोचा डबा घ्यायला आजच्या भावानं जवळपास एक क्विंटल सोयाबीन जातं. डब्यात प्रथिनं दीड किलोच्या आसपास. क्विंटलभर सोयाबीनमध्ये 35 किलोच्या वर! पोतं विकून डबा आणणाऱ्याला काय म्हणावं? सोयाबीन कच्चं खाऊ नका, पण वडी आहे, तूर आहे, शेंगदाणे, अंडी, दूध आहे. हौशी माणसाला अंगाच्या किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं भरपूर झाली.

आणि इंजेक्शन. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वर आणायचं मेफेनटरमाइन जिममध्ये जोर यावा म्हणून टोचतात. पुण्यात पोलिसांनी ते विकणारे कितीदा पकडलेत. आरोग्यवान तरण्या पोराच्या हृदयाला हे कशाला? स्टेरॉइडचं तर असं, की बाहेरून हार्मोन आलं की अंग आपलं स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि मग लग्नानंतर पाळणा हलत नाही म्हणून दवाखाने. स्पर्धकानं हे घेतलं तर त्याच्यावर बंदी येते. तुम्हाला तपासायलाही कोणी येत नाही. हौशी माणसाला पदक नाही, नोकरी नाही, मग धोका कशाच्या बदल्यात?

भरतीवाले म्हणतील, आमची तारीख असते. मान्य, तुम्ही स्पर्धकच. मग परीक्षा बघून सराव करा. पोलीस भरतीत पोरांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. बेंच प्रेसला एकही मार्क नाही.

शेवटचं जिमवाल्यांना. आपल्याकडं 20 किलोच्या प्लेटा रांगेनं लावलेल्या असतात, सव्वा किलोची जोडी मागितली तर मालक हसतो. दोन्ही बाजूला सव्वा-सव्वा, म्हणजे अडीच किलोची वाढ. ती नसली की पोरगं सरळ दहा किलोची उडी मारतं. पोरांनो, पुढच्या महिन्याची फी भरताना ही जोडी आधी मागा. देत नसेल तर दोन पिशव्यांत मापानं वाळू भरून न्या आणि दांड्याला दोन्हीकडं घट्ट बांधा. हसणारे हसू द्या.