मऊ प्लास्टिकातून काय झिरपते?

उन्हाळा तापला की अनगोळच्या लग्नमांडवांत कोकमाच्या सरबताऐवजी शीतपेयांच्या बाटल्या फिरतात. आजाऱ्याच्या उशाशी सलाईनची नळी व रक्ताची पिशवी असते, तीही प्लास्टिकचीच. ती इतकी मऊ कशी, असा प्रश्न आपल्या घरांतून सहसा कोणी करीत नाही.

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात डीईएचपी नावाचे तेलासारखे द्रव्य मिसळतात; रक्ताच्या पिशवीत ते वजनाच्या ३० ते ४० टक्के असू शकते. ते प्लास्टिकशी जखडलेले नसते, बिऱ्हाडकरूसारखे राहते. पाण्यात ते फारसे उतरत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज उतरते. म्हणून साध्या सलाईनपेक्षा रक्तात अधिक. जेगर व रुबिन या अमेरिकन संशोधकांनी १९७० सालीच साठविलेल्या रक्तात ते दाखवून दिले होते.

पेयांत ते कधी झिरपून येते, कधी चक्क ओतले जाते. तैवानात पेये दाट दिसावीत म्हणून पाम तेलाच्या जागी स्वस्त डीईएचपी घालीत. २०११ साली सरकारी प्रयोगशाळेतील एक बाई एका भुकटीत औषधांची भेसळ शोधीत होत्या. आलेखावर एक अनोळखी शिखर दिसले. त्यांनी ते सोडून दिले नाही, आणि लबाडी उघडी पडली.

हे शोधतात कसे? पेयातील द्रव्ये विद्रावकात उतरवून, त्यांची वाफ करून, केसासारख्या बारीक व लांब नळीतून सोडतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते. मग त्याचे तुकडे करून त्यांचे वजन मोजतात. या कुळातील बहुतेक द्रव्ये १४९ वजनाचा तुकडा देतात. अडचण अशी की हेच द्रव्य तपासनिसाच्या हातमोज्यांत, झाकणांत व धुळीतही असते. म्हणून काचेचीच भांडी वापरून, नमुन्याशिवाय तीच सारी कृती पुन्हा करून पाहावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादा लिटरला अवघी ८ मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा मापात धूळही दगा देते.

२०१६ साली कोलकात्याच्या एका सरकारी संस्थेच्या तपासणीत बाटलीबंद शीतपेयांत डीईएचपी आढळल्याचे वृत्त आले, तेव्हा पुष्कळांनी बाटलीलाच दोष दिला. पण त्या बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकला मऊ करणारे द्रव्य लागतच नाही. झाकणाचे अस्तर, कारखान्यातील नळ्या, खुद्द कच्चा माल, हेही तपासावे लागतात.

मात्र या भीतीने कोणी रक्त नाकारू नये. हेच द्रव्य साठविलेल्या तांबड्या पेशींना टिकवून धरते. काळजी आहे ती मुख्यतः नवजात मुलग्यांची. त्यांच्यासाठी शक्य तेथे डीईएचपीविरहित साधने वापरावीत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली सुचविले. बाळ अतिदक्षता विभागात असेल, तर अशा नळ्या मिळतील का, हे डॉक्टरांना खुशाल विचारावे.