पन्हळीतला पिंपळ

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, पहाटे साडेपाचला परांड्याहून फोन आला. आमच्या घरातल्या भाडेकरू बाई बोलत होत्या. “काका, छतातून पाणी यायलंय. बादल्या पुरनात.” मागे पावसाचा आवाज असा होता की त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागत होते. मी पुण्यात कोरड्या अंथरुणावर बसून त्यांना धीर दिला. आधी मेन स्विच बंद करा, म्हणालो. मग म्हणालो, “काळजी करू नका ताई, घराचा विमा आहे.” हे दुसरे वाक्य मला पुढे फार महागात पडले.

त्या आठवड्यात धाराशिव जिल्ह्यात काय झाले ते वाचकांनी पाहिले आहेच. पुराने परांडा आणि भूम तालुक्यांतली गावे वेढली, माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली, जनावरे दावणीला बांधलेली गेली, शेतातली माती खरवडून निघाली. त्या मानाने आमच्या घराचे नुकसान सांगण्याजोगेही नाही. नदी आमच्या दारापर्यंत आली नव्हती. पाणी वरून आले होते आणि त्याला वाट मी करून दिली होती. म्हणूनच हे लिहितो आहे.

घर साधेच. मागचा भाग माळवदाचा, पुढे वडिलांनी १९८४ साली बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. माळवद आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला सांधा जन्मापासून दुबळा. वडील होते तोवर मृगाच्या आधी दरवर्षी स्वतः शिडी लावून वर चढत, पन्हळी साफ करत, सांध्यात चुना भरत. ते गेले, आई पुण्यात आमच्याकडे आली आणि घर भाड्याने दिले. पुढच्या खोल्यांत गेली सहा वर्षे शिवणकाम करणाऱ्या एक बाई मुलाबाळांसह राहतात. महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडे खात्यावर जमा होते. मी बँकेत होतो. वेळेवर येणारा हप्ता दिसला की खाते उत्तम चालले आहे असे समजण्याची आम्हा लोकांना सवय असते.

जूनमध्ये त्यांनी फोनवर सांगितले होते की कोपऱ्यात ओल दिसते. मी म्हणालो, “दिवाळीनंतर बघू.” कादंबरीचे शेवटचे प्रकरण अडले होते, गुडघा दुखत होता, आणि परांडा काही पुण्याच्या वाटेवर नाही.

रस्ते मोकळे झाल्यावर कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने गेलो. कंपनीला कळवून झाले होते. आठवड्याभरात सर्व्हेअर आले. तरुण, शांत गृहस्थ. खोल्या पाहिल्या, फोटो काढले आणि म्हणाले, वर जाऊ या. वर पन्हळीच्या तोंडाशी पिंपळाचे रोप होते. रोप कसले, अंगठ्याएवढे खोड आणि सांध्यात शिरलेले मूळ. पन्हळ त्याने पुरती बुजवली होती. पाणी माळवदावर तुंबले, सांध्यातून स्लॅबखाली उतरले. सर्व्हेअरनी खोडाजवळ फूटपट्टी धरून फोटो घेतला. म्हणाले, “सर, हे झाड या पावसात उगवलेलं नाही.”

दावा नामंजूर झाला. पत्रात कारणे दोन होती. एक, नुकसान अचानक आलेल्या पाण्याने नव्हे, देखभाल न केल्याने हळूहळू झालेले आहे. दोन, घर भाड्याने दिल्याचे प्रस्तावात नमूद नाही. दुसरे वाचून मी पॉलिसी काढली. मुलाने ती संगणकावर भरून दिली होती, मी शेजारी बसून होतो. ‘स्वतः राहतो’ या चौकटीत खूण होती. आयुष्यभर इतरांच्या तारण कागदांवरच्या अशा खुणा तपासून मी पगार घेतला.

लोकपालांकडे जायचे म्हणून तक्रारीचा मसुदाही लिहिला. बँकेतली भाषा अजून हातात आहे. मसुदा भक्कम झाला. सकाळी पुन्हा वाचला तेव्हा त्यात पिंपळाचा उल्लेखच नव्हता. तो फाडला.

वाचकांपैकी पुष्कळांची गावाकडची घरे अशीच कोणाच्या तरी ताब्यात आहेत. त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, वादळ, पूर आणि टाक्या-नळ फुटून वाहिलेले पाणीही तिच्यात येते. घर राहण्याजोगे उरले नाही तर बुडालेल्या भाड्याचीही सोय आहे. पण झीज आणि हयगय यांची भरपाई ती करत नाही. घर भाड्याने दिले, भाडेकरू सोडून गेला, बांधकाम वाढवले, तर कंपनीला लेखी कळवावे. जुन्या प्रमाणित आग विम्यात घर सलग ३० दिवसांहून अधिक रिकामे राहिले आणि कंपनीची संमती घेतलेली नसली तर संरक्षणच थांबे; म्हणून कुलूपबंद घराबाबत आपल्या पॉलिसीत काय लिहिले आहे ते आजच पाहावे. नुकसान झाल्यास त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेली वस्तू फेकू नये. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. पुरावा म्हणून तो जोडावा, पण सर्व्हेअरच्या अहवालाची जागा तो घेत नाही. आणि दावा खरोखर अन्यायाने नाकारला गेला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि फी लागत नाही.

हे सगळे मला माहीत होते. माहीत असण्याचा आणि शिडी लावण्याचा संबंध नसतो, एवढेच.

तीस सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी याच जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात नोकरीला होतो. लातूरकडे किल्लारी आणि आमच्याकडे सास्तूर, ही नावे तेव्हा जगाला कळली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे आलेल्या अभियंत्यांनी कारण सांगितले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचा प्रचंड भार. माळवद गळते म्हणून लोक दर एकदोन वर्षांनी वर नवी पांढरी माती पसरत. आजोबांचा थर, त्यावर बापाचा, त्यावर मुलाचा. कित्येक घरांवर ते थर फूट-दोन फुटांचे झाले होते. पाणी अडवण्यासाठी चढवलेली मातीच त्या पहाटे अंगावर आली.

भूकंपानंतर आम्ही शाखेत विम्याचे रजिस्टर उघडले. त्यात म्हशी होत्या. कर्जावर घेतलेल्या जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे आणि दाव्यासाठी तो बिल्ला हजर करावा लागे. म्हशीचा विमा होता. ती ज्या घरात बांधली होती त्या घराचा नव्हता, कारण त्या घरावर आमचे कर्ज नव्हते. विमा बँकेच्या पैशाचा होता. त्या वेळी मला हे जाणवले, मी त्यावर एक कथाही लिहिली. बत्तीस वर्षांनी माझ्या स्वतःच्या घरात मी तेच केले. पॉलिसी माझ्या भिंतींची होती. त्या भिंतींच्या आत जे भिजले ते माझे नव्हतेच.

घरमालकाच्या पॉलिसीत भाडेकरूचे सामान येत नाही. भाडेकरूला फक्त आपल्या सामानाचा वेगळा विमा घेता येतो, पण हे त्याला कोण सांगतो? मी सहा वर्षांत सांगितले नव्हते. उलट “घराचा विमा आहे” असे म्हणालो आणि बाईंनी ते आपल्यासाठी आहे असे समजून घेतले. त्यात त्यांची चूक काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे १४ वे कलम दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकते. मालकाने हयगय केली तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, असा त्याला हक्क आहे. बाईंनी नोटीस दिली नाही. फोन केला, आणि मी दिवाळी सांगितली.

त्यांचे नुकसान किती, ते मी विचारले. शाळेच्या वहीचा फाटका कागद त्यांनी पुढे केला. दसऱ्यासाठी शिवायला आलेले कापड, एकेका गिऱ्हाइकाच्या नावापुढे: ब्लाऊज २३, परकर ६, मुलांचे गणवेश ९ आणि एका नवरीचा शालू, ज्याला फॉल लावायचा होता. पुढे रकमा. बेरीज मी सवयीने तपासली, बरोबर होती. मग खोलीत पाहिले तर शिवणयंत्राची मोटार काढून उन्हात ठेवलेली, आणि गादी गच्च भिजून भिंतीला टेकवलेली.

“यातलं काही कागदावर नाही,” मी म्हणालो.

“ते माझं हाय की काका. लोकांचं तेवढं लिहिलंय.”

मी तो कागद घेतला, त्याखाली मोटार, गादी आणि मुलीची दहावीची पुस्तके लिहिली, पुन्हा बेरीज केली आणि रक्कम त्यांच्या खात्यावर भरली. भाडेही तीन महिने घेतले नाही. यात मोठेपणा नाही. देणे होते, ते उशिरा दिले. कापड भिजलेल्या गिऱ्हाइकांपैकी काही बाया परत आल्या, काही दुसरीकडे गेल्या. त्याची रक्कम त्या कागदावर कुठे लिहावी ते मला कळले नाही.

आता नव्या भाडेकरारात, जो कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ज्याच्या नोंदणीची जबाबदारीही मालकाचीच असते, आम्ही दोन ओळी वाढवल्या आहेत. मृगाआधी मालक छत तपासील. पॉलिसीत काय येते आणि काय येत नाही ते भाडेकरूला मराठीत वाचून दाखवील.

पिंपळ उपटताना अर्धी पन्हळ हातात आली. गवंडी म्हणाला, मूळ आत राहिले आहे, पुन्हा फुटेल, वर्षाला एकदा बघत जावे लागेल. शिडी मी बाईंच्या दारामागे ठेवून आलो आहे. चढायला मात्र मला जायचे आहे.